गुरुवारचे चार सेल

चार्जर कपाटात कोंबला, पण त्याची वायर दाराच्या फटीत अडकली, आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली.

"आले गं, आले!" म्हातारी ओरडली आणि वायरीवर पाठ टेकून उभी राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, की कपाटाला पाठ लावून दार काही उघडता येत नाही. तिनं वायरीवर टॉवेल फेकला आणि धावली.

दारात सून. खरं तर सून म्हणायची सोय उरली नव्हती. दीड वर्षापूर्वी तिचा आणि म्हातारीच्या लेकाचा काडीमोड झाला. लेक परदेशी गेला, सून चार गल्ल्या सोडून खोली घेऊन राहिली. जाताना तिनं ना भांडं नेलं, ना चादर. सेल चार्ज करायचा चार्जर तेवढा पिशवीत टाकला. "माझ्या पहिल्या पगाराचा आहे," म्हणाली. आठ सेलांपैकी चार नेले, चार म्हातारीच्या टॉर्चमध्ये आणि रेडिओत राहू दिले.

तेव्हापासून दर गुरुवारी तिचं चष्म्याचं दुकान बंद असलं की ती यायची. भरलेले चार सेल द्यायची, संपलेले चार न्यायची. मधल्या वेळात चहा व्हायचा, म्हातारीची नखं कापून व्हायची, शेजारणीची यथेच्छ निंदा व्हायची.

म्हातारीचा सगळा आठवडा त्या एका दुपारवर टांगलेला असायचा. पण परक्याच्या लेकीला कुठल्या तोंडानं 'ये' म्हणायचं? तिला काय बांधून घातलीय? सेल संपले तर मात्र तिला यावंच लागणार. म्हणून म्हातारी सेल संपवायची.

टॉर्च गोधडीत गुंडाळून ती दिवसभर कपाटात जळत ठेवायची. त्या उजेडानं कपाटातल्या झुरळांचे डोळे असे दिपले, की त्यातलं एक म्हणे सुनेच्याच दुकानात नंबर काढायला जाऊन बसलं. रेडिओ स्वयंपाकघरात एकटाच बडबडत असायचा. ऐकून ऐकून मिठाची बरणीसुद्धा उद्याचं हवामान सांगायला लागली होती. हल्ली तर फार कष्टही पडत नव्हते. दुपार कलायच्या आत टॉर्च मान टाकायचा. आपल्या पापानं सेलच मारले की काय, अशी म्हातारीला धास्ती वाटायची.

कारण सून बजावायची, "आई, अगदी शून्यावर नका नेऊ हो. सेल मरतात तशानं. उजेड मंद झाला की काढून ठेवायचे. आणि लाल ठिपका लाल ठिपक्याबरोबरच घालायचा. जोडी फोडायची नाही."

एकदा हे बोलून झाल्यावर सून उगाचच नळ घट्ट करायला उठली होती.

आणि काल लेकानं हा नवा चार्जर धाडला. काचेची छोटी पाटी असलेला. सेल घातला की पाटीवर रेघा उमटतात. चार रेघा म्हणजे सेल भरलेला, एक रेघ म्हणजे संपल्यात जमा. वर फोनवर म्हणाला, "आता तिला हेलपाटे नकोत, आई. भिडेखातर येते ती बिचारी. किती ओझं टाकशील तिच्यावर?"

ते ओझं काल दुपारपासून म्हातारीच्याच छातीवर बसलं होतं.

सुनेनं चपला काढल्या, चार सेल टेबलावर ठेवले आणि हात पुसायला टॉवेल ओढला. वायर लोंबली. तिनं कपाट उघडलं.

"हे काय, आई?"

"त्यानं पाठवलाय. मी नाही हो मागितला!"

सून चार्जर उलटासुलटा करून बघत राहिली. "चांगला आहे की," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बरं झालं. तुम्हाला आता कुणाची वाट बघायला नको."

"हो ना. तुझीही पायपीट वाचली."

"पायपीट कसली त्यात."

म्हातारीला वाटलं, झालं, संपलं. नखं आता आपली आपणच कापायची. तिला त्या चार्जरचा असा राग आला, की हा चालतच नसला तर किती बरं, असं म्हणून तिनं तो फटकन भिंतीत खोचला आणि टेबलावरचे सेल उचलले.

"अहो, ते कशाला घालताय?" सून घाईनं पुढं आली. "ते भरलेलेच आहेत! सकाळपासून लावले होते मी. द्या इकडं."

"बघू तरी हा दिवटा काय म्हणतो ते."

म्हातारीनं एकेक करून चारही सेल आत बसवले. पाटी उजळली. पहिल्या सेलापुढं एक रेघ आली. दुसऱ्यापुढं एक. तिसऱ्यापुढं एक. चौथ्याची तर तीही मिणमिणत होती.

म्हातारीनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग तिनं सुनेकडं पाहिलं. सून खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरची भिंत होती. तिचे कान लालेलाल झाले होते.

म्हातारीनं चारही सेल काढून घेतले, चार्जर भिंतीतून उपटला आणि खोक्यात घालून झाकण दाबलं.

"मेला खोटारडा निघाला," ती म्हणाली. "उद्याच परत पाठवते. तू गुरुवारी जेवायलाच ये."