यादीबाहेरची इंदुमती

"इंदुमती हे नाव दोनदा आहे. एकत्र करायचे?" मोबाईलने विचारले. विमलाताईंनी सहज होकार दिला आणि हळदीकुंकवाचे आमंत्रण साऱ्या यादीला धाडले.

मग चूक ध्यानात आली. यादीतला बालमैत्रीण इंदुमतीचा जुना क्रमांक केव्हाच बंद पडला होता. वैधव्यानंतर तिने घेतलेला नवा क्रमांक त्यांनी जाणूनबुजून यादीबाहेर ठेवला होता. नावे एक होताच आमंत्रण तिलाही गेले.

तोच इंदुमतीचा फोन आला. "अगं, हे गेल्यापासून मला कुणी बोलावलंच नव्हतं. तुला तरी धीर झाला. तिळाचा लाडू दातांना झेपायचा नाही, पण येऊ ना?"

'चुकून गेले' हे शब्द ओठांशीच थिजले. न केलेल्या पुण्याचे श्रेय विषवत् वाटले.

"ये," त्या कशाबशा म्हणाल्या, "आणि जरा आधी ये. येणाऱ्या प्रत्येकीला हळदकुंकू यंदा तूच लाव."