बायको शांत झाल्याची तक्रार

"तिचं नाव वर्गातून काढून टाका," चष्मेवाला म्हणाला.

योगवर्ग नुकताच सुटला होता. शिक्षिका चटया गुंडाळत होती. दारातला हा गृहस्थ म्हणजे शिवणकामवाल्या ताईंचा नवरा, कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक, हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. तिनं त्याला खुर्ची दिली आणि झालं काय ते विचारलं.

घसा खाकरून त्यानं सांगायला घेतलं. चार महिन्यांपूर्वी त्यानंच बायकोला इथं पाठवलं होतं. बावन्नाव्या वर्षी तिची कंबर धरली होती, झोप उडाली होती, पाळी जाता जाता अंगात भट्टी पेटवून गेली होती. मशीनवर बसली की पाठ, उठली की गुडघे, आणि बसता-उठता नवरा.

आता कंबर कशी आहे, शिक्षिकेनं विचारलं. छान आहे, तो म्हणाला. झोप? पडल्या पडल्या लागते. चिडचिड? तीन महिन्यांत तिनं आवाज चढवलेला नाही. हे सांगताना त्याचा चेहरा पार पडला.

"अहो, मग तक्रार कसली?"

तक्रार परवाची होती. त्याची थोरली बहीण आपलं सगळं लटांबर घेऊन जेवायला येणार होती. एकूण आठ माणसं. सकाळी वर्तमानपत्र उघडता उघडता त्यानं ते बायकोच्या कानावर घातलं. हे असंच चालत आलं होतं. तो सांगायचा, ती अर्धा तास भांडी आपटायची, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि मग दहा जणांना पुरून उरेल असा स्वयंपाक करायची. तो तेवढा वेळ वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचा. अठ्ठावीस वर्षांचा संसार या मुरलेल्या भांडणावर झकास चालला होता.

परवा तिनं मशीन थांबवलं, त्याच्याकडं अगदी मायेनं पाहिलं, आज मला जमणार नाही म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. बस्स, एवढंच.

तो कंबर कसून भांडायला उभा राहिला, पण एका हातानं टाळी वाजेना. शेवटी दुकान बंद ठेवून त्यानंच चूल सांभाळली. भात खाली लागला, भाजी खारट झाली. बायको पाहुण्यांबरोबर जेवायला बसली, दोनदा वाढून घेतलं आणि छान झालंय म्हणाली. टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती मनापासून म्हणाली होती.

"पूर्वी ती चिडायची, पण करायची. आता चिडतही नाही आणि करतही नाही. मॅडम, माझ्यासारख्या माणसानं कुठं जायचं?"

शिक्षिका काही बोलणार, तोच तिचा फोन वाजला. सासूबाई होत्या. दीर-जाऊ मुलाबाळांसह आठवडाभर राहायला येत होते, आजच. हो हो, करते ना, मला कसला त्रास, असं ती तीनतीनदा म्हणाली. फोन ठेवेपर्यंत तिचे खांदे कानांना टेकले होते.

मग तिनं इकडंतिकडं पाहिलं, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि हळूच विचारलं,

"एक सांगा, ते 'जमणार नाही' त्या नेमकं श्वास घेताना म्हणाल्या, की सोडताना?"