ताटावरचं मौन

दिग्दर्शिका मृण्मयीने कपाळाला हात लावला. "काकी, ताटावर बसलात की तुमची वाचा कुठे जाते?"

द्वारकाकाकी पाटावरून उठल्या, तेव्हा कुठे बोलल्या, "गो बाय, चातुर्मास चालू आसा. ताटार बसलंय काय उठासर बोलणंय नाय."

"मग तुमचं वाक्य काढावं लागेल."

काकींना ते नको होतं. आजवर सिनेमातल्या घरात मालवणी बोलायची ती मोलकरीणच. यंदा प्रथमच काकींच्या रूपाने मालवणी विहीण मानाने पंगतीला बसणार, म्हणून अख्खा गाव वाट पाहत होता. पण देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा?

पुन्हा कॅमेरा सुरू झाला. काकींनी मनात देवाचं नाव घेऊन मुकाट्याने भाताचा घास तोंडात घातला, आणि थू थू करत उसळल्याच, "मेल्यांनो, इहिणीक थर्माकोल वाढतास? लाज कशी वाटणा नाय तुमका?"

"कट! हेच वाक्य ठेवायचं!" मृण्मयी नाचायलाच लागली. "पण काकी, मौन मोडलं की हो!"

"मोडला खंय? ह्यां जेवाण होता काय?"

दुपारी खरं जेवण आलं. मृण्मयीने कौतुकाने विचारलं, "काकी, हिरोईन झालात! कसं वाटतंय?"

काकींनी भरल्या तोंडाने नुसतं बोटाने दाखवलं, सोलकढी इकडे.