शेवटचं पान

नवरा-बायकोने मिळून पुस्तकांचं दुकान काढायचं ठरवलं होतं. कपाटं लागायच्या आतच तो गेला. त्याचं अर्धवट राहिलेलं पुस्तक तिने दुकानातल्या त्याच्या वेताच्या खुर्चीवर ठेवलं.

रोज सकाळी त्यातली खूण दहा-बारा पानं पुढे गेलेली असायची. ती कुणाजवळ बोलली नाही.

आज उद्घाटन. खूण शेवटच्या पानावर थांबली होती. कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान तो कधीच स्वतः वाचायचा नाही. तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचा आणि मगच उठायचा.

“वहिनी, लोक खोळंबलेत,” बाहेरून दीर म्हणाला.

“आले हं.”

पुस्तक उचलून ती खुर्चीसमोर सावकाश वाचू लागली. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. ती ओळ न वाचताच तिने पुस्तक मिटलं.

रिकाम्या खुर्चीचा वेत करकरला, कुणी ऐकायला पुढे झुकावं तसा.