वडिलांचा रकाना

"वाचून सही करा," पाळणाघराच्या सिस्टरनी बजावलं. "पोहायला नेताना काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. तुमचा फोन लागला नाही तर उपचारांना तुमची परवानगी."

समोरच्या बाबांनी न वाचताच सही ठोकली.

सिस्टरच्या कपाळावर आठी पडली. आईच्या परस्पर मूल उचलून नेणाऱ्या बापांचे किस्से त्यांनी ढीगभर ऐकले होते. रोज आई येते, आज हे कुठून उगवले?

"ओळखपत्र?"

पाकिटातून ते काढताना रक्तदात्याचं कार्डही टेबलावर पडलं. त्यावर रक्तगट ओ होता. फॉर्ममध्ये वडिलांच्या रकान्यात मात्र ए लिहिलेलं. सिस्टरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"हे कार्ड कुणाचं?"

"माझंच."

"मग फॉर्मवर ए कसं?"

"असू दे तसंच. संध्याकाळी हिची आई सही करायला येईल."

"असू दे काय? उद्या पोरीला रक्त लागलं तर पहिला फोन तुम्हालाच करणार ना आम्ही? पोरखेळ आहे का हा?"

सिस्टरनी सरळ मुलीलाच बाहेर बोलावलं.

"यांना ओळखतेस का गं?"

"बाबा!" मुलगी जाऊन त्यांना बिलगली आणि लगेच पाय पुढे केला. बुटात खडा गेला होता. बाबा खाली बसून बूट काढू लागले.

चला, बाप तरी खरा आहे, म्हणत सिस्टरनी पेन उचललं. "मीच ओ करून टाकते."

"नको!" बाबांचा हात फॉर्मवर आला.

तेव्हा कुठे सिस्टरनी तिन्ही रकाने एका ओळीत वाचले. आई बी. मुलगी एबी. आणि वडील ओ असतील, तर एबी मूल होऊच शकत नाही.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भल्या माणसाचा संसार आपण उगाच उकरून काढला.

"लॅबवाल्यांच्याही चुका होतात हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नका."

बाबांनी बुटाची पट्टी नीट लावली. मुलगी आत पळाली.

"हिचा गट कळला, त्या दिवसापासून मी घरात ए आहे, सिस्टर," ते हळूच म्हणाले. "तेव्हापासून हिच्या आईला शांत झोप लागते."