लाइट येईपर्यंत

कान्हे गावात गुरुवारी सकाळीच लाइट गेली आणि अख्ख्या आळीनं नाक मुरडलं. एकटी पायल खूश. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाणार हे ठरलेलं, म्हणून तर तिनं कंपनीतून आजची रजा काढली होती.

"आबा, बसा आता. आणि मान हलवू नका."

तिचा बाप भिकाजी खुर्चीत बसला. ऐन उन्हाळ्यात डोक्याला माकडटोपी! टोपीच्या आतून धातूच्या चकत्या शिवलेल्या, चकत्यांना तारा, आणि सगळ्या तारा एका साबणाच्या डबीत शिरलेल्या. डबीत होता पायलनं स्वतः आखून, बनवून घेऊन, स्वतः सोल्डर केलेला सर्किट बोर्ड. मेंदूत वीज कशी खेळते ते लॅपटॉपवर रेघांनी दाखवणारा. दवाखान्यातलं असलं यंत्र जीपच्या किमतीचं, हे साध्या मोबाइलपेक्षा स्वस्त. पहिल्या बोर्डात पायलनं चिपची जागाच उलटी आखली, तो गेला जळून. दुसऱ्यात घरातल्या वायरिंगची गुणगुण अशी शिरली की मेंदूबिंदू काही दिसेचना. हा तिसरा. तोही आजूबाजूची लाइट बंद असली तरच नीट चालायचा.

"माकडावानी दिसताय अगदी," येसूबाई नवऱ्याकडं बघून हसली.

"दिसू दे. लाइट येईस्तवर माकड. उद्यापासनं पुन्हा डायवर."

ठरावच तसा झाला होता. महिन्यापूर्वी लोणावळ्याला, टायगर पॉइंटच्या रस्त्यावर, पर्यटकांनी भरलेली त्याची जीप वळण सोडून सरळ गेली. वाळूचा ढीग आडवा आला म्हणून निभावलं, नाहीतर पुढं दरीच. भिकाजी म्हणायचा, बिरेक लागला न्हाई. मेकॅनिक म्हणाला, ब्रेक ठणठणीत आहे. पायलनं मात्र एकदा जेवताना त्याचा घास हातातच थांबलेला बघितला होता. डोळे उघडे, आणि माणूस जागेवर नाही. दवाखान्यात तपासलं तर काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, "तेवढ्या वेळात फिटचा झटका आला नाही, एवढंच. यांना दिवसभर तारा लावून बसवायला हवं." त्यासाठी पुण्याला जायचं म्हटल्यावर भिकाजी भडकला. "मी काय येडा हाय?"

मग पायलनंच सांगितलं होतं, "घरी तर बसाल? लाइट येईपर्यंत रेघांत काही सापडलं नाही, तर उद्या खुशाल जीप काढा. मी तोंडातून शब्द काढणार नाही. सापडलं तर चाबी माझ्याकडं, आणि आपण डॉक्टरांकडं."

"दिला शबूद," भिकाजी म्हणाला होता.

आता तो मजेत होता. डोळे मिचकावले की रेघा उड्या मारतात हे त्याला कळलं, तेव्हापासून पोरासारखा मिचकावत बसला. "बघ, नाचवतोय! आन् पंख्याचं बटन चालूच राहू दे. लाइट आली की आळीत पयला मीच वरडनार."

दुपार सरली. जेवण झालं, चहा झाला, रेघा आपल्या सरळ. लॅपटॉपची बॅटरी उतरत चालली. बापाला काही होऊ नये म्हणून जन्मभर देवाला हात जोडणारी पायल, आज त्याला झटका यावा म्हणून जीव मुठीत धरून बसली होती. तिची तिलाच लाज वाटली. पण तिनं पडद्यावरची नजर हलवली नाही.

"झाला की दिस," भिकाजी पंख्याकडं बघत म्हणाला. "अगं, एवढी वर्सं घाटात गाडी मारली मी. एकदा तर असलं धुकं, म्होरचा बोनेट दिसंना. मागं बायका रडायला लागल्या. मंग मी काय केलं, गाडी अशी..."

आणि थांबला.

वळण दाखवणारा हात हवेतच राहिला. दुसऱ्या हाताची बोटं खांद्यावरच्या टॉवेलचा काठ चिवडू लागली. पडद्यावर रेघा एकदम उठल्या, करवतीच्या दात्यांसारख्या, एकामागं एक. हेच तर पायलला हवं होतं. आणि आता आलं, तर ते लवकर सरावं म्हणून ती देवाला विनवू लागली.

"अवो!" येसूबाई धावली.

"आये, धरू नको त्यांना. नुसती जवळ थांब."

तेवढ्यात बाहेर पोरं ओरडली, "आलीऽऽ!" पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला. पडद्यावर नुसती गुणगुण माजली. पण जे यायचं ते आधीच येऊन गेलं होतं. पायलनं ते सेव्ह केलं.

आळीत पहिला ओरडणार होता तो माणूस पंख्याखाली गप्प बसला होता.

थोड्या वेळानं भिकाजीनं आवंढा गिळला. हात खाली आला. "काय म्हनत व्हतो मी? हां, गाडी अशी कडंला घेतली. एकाला खरचटलं न्हाई. आता लाइट येऊ दे, मंग..."

येसूबाईनं पदर तोंडाला लावला. तिच्याकडं बघता बघता भिकाजीला गार वारं लागलं. त्यानं मान वर केली.

"लाइट कवा आली?"

"मघाशीच, आबा. पोरं ओरडली की सगळी."

भिकाजी फिरणाऱ्या पंख्याकडं बघत राहिला. मग त्यानं हळूच माकडटोपी काढून मांडीवर घेतली.

"पर पोरी," तो म्हणाला, "मी तर हितंच व्हतो."