वरच्या पाच ओळी

“जाता जाता तूनंच काहीतरी करून ठेवलं. पोलिसात देतो तुले,” भुपेंद्र गिऱ्हाइकासमोरच म्हणाला.

समीक्षा रामटेके पडद्याकडे सरकली. राइस मिलच्या ऑफिसातल्या पडद्यावर धानाचा ओलावा, ड्रायरचं तापमान, सगळे आकडे वेडेवाकडे येत होते. गिऱ्हाईक, मिलमालक गोवर्धन शेठ, सारखे घड्याळ बघत होते. यंत्राचा सौदा हातचा चालला तसं तिच्या जुन्या मालकाने, भुपेंद्रने, तिला गावाहून, दवनीवाड्याहून, तातडीने बोलावलं. ती त्याची फजिती डोळ्यांनी बघायलाच आली होती.

ओलावा नि तापमान मोजणाऱ्या या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला संगणकाशी जोडणारा प्रोग्राम, तिने आठ महिने खपून लिहिला होता. तारेवरून येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटाच्या पुढे चौदा बाइटचं हेडर असतं, कुणाकडून आलं, कुणाला जायचं ते सांगणारं. ते कापायचं आणि आतला माल, म्हणजे आकडे, संगणकाच्या हवाली करायचा, एवढंच ड्रायव्हरचं काम. ते जमताच भुपेंद्रने तिला घरी बसवलं आणि ड्रायव्हरच्या फाईलवरचं तिचं नाव उडवलं. वर हसला. नाव कायले पाहिजे, गिऱ्हाइकाले माल पाहिजे, म्हणाला. ते हसू तीन महिने तिला जेवू देत नव्हतं.

पडदा बघताच तिला दुखणं कळलं. मिलमध्ये कॅमेरे आणि यंत्रं एकाच तारेवर होती, म्हणून कुठलं पाकीट कुणाचं ते ओळखायला इथल्या पाकिटांच्या हेडरात चार बाइटचा जादा टॅग, म्हणजे खुणेची चिठ्ठी, होता. ड्रायव्हर चौदाच कापत होता. उरलेले चार मालात शिरत होते. भुपेंद्रने आपल्या ऑफिसातल्या टेबलावर यंत्र तपासलं तेव्हा टॅग नव्हता, तिथे सगळं झकास चाललं होतं.

“फाईल खोला, सर. वरून लिहा. पहिली ओळ, लेखिका समीक्षा रामटेके.”

भुपेंद्रचे कान लाल झाले. बदला घ्यायला आलीस का, असं त्याने विचारलं. हो, असं तिने तोंडावर सांगितलं.

“लिख ना भाई,” शेठ वैतागले.

तो एका बोटाने टाइप करू लागला. नाव, गाव, तारीख, फोन नंबर. प्रत्येक अक्षरागणिक तिचा जीव थंड होत होता. मग तिने पाचवी ओळ सांगितली: टॅग असेल तर अठरा कापायचे. ड्रायव्हर पुन्हा चालू केला आणि आकडे सरळ झाले.

“एवढंच होतं, तं पहिलेच काऊन नाही लिहिलं?”

“लिहिलं होतं, सर. माझ्या नावाखालीच होतं. तुम्ही नावासंगं तेही कापलं.”